चवळीवाले कार्व्हर गुरुजी



अमेरिकेत मिसुरी राज्यात १८६४ च्या सुमारास एका गुलाम आईच्या पोटी जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचा जन्म झाला. ते तान्हे असतानाच दरोडेखोरांनी आईला पळवून नेले. ती परत आलीच नाही. लोकांचे कपडे धुऊन ते शिकले आणि १८९६ साली अलाबामा राज्यात टस्कीगी येथे शेतीचे गुरुजी झाले.

तिकडची जमीन पार थकलेली. वर्षानुवर्षे नुसता कापूस! पावसाने माती वाहून घळी पडलेल्या. शेतकरी बहुतेक कुळे. उधारी मिळायची ती कापसावरच, मग दुसरे काही पेरणार कसे? खताला तर पैसाच नाही.

कार्व्हरांनी चवळी पेरायला सांगितली. हो, आपल्या उसळीची चवळी! तिच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्यांतले जीवाणू हवेतला नत्र धरतात. वेल जमीन झाकतात, म्हणून पावसाचा मार मातीला बसत नाही. दाणे माणसांना, पाला गुरांना. आणि हिरवे पीक नांगरून गाडले की झाले हिरवळीचे खत. आमच्याकडे मात्र चवळीच्या बांधाकडेला दोन ओळी, बस्स! मला ते काही पटत नाही.

१९०३ साली त्यांनी चवळीवर पुस्तिका काढली. पण ज्यांना वाचता येत नाही त्यांचे काय? म्हणून १९०६ मध्ये घोडागाडीत अवजारे व बियाणे भरून शाळाच शेतावर पाठवली.

पुढे भुईमुगामुळे त्यांचे नाव जगभर झाले. ५ जानेवारी १९४३ रोजी ते टस्कीगीलाच वारले.