पऱ्हाटीतून माती घडवणारा शास्त्रज्ञ

महानुभावांचे रिद्धपूर उभ्या महाराष्ट्राला लीळाचरित्रामुळे ठाऊक आहे. मोर्शी तालुक्यातल्या या गावाच्या आसपास कापूस, तूर आणि संत्रा पिकतो. कापसाची शेवटची वेचणी आटोपली की शेतात पऱ्हाटी उरते. थोडी चुलीत जाते, थोडी कुंपणाला लागते आणि बरीचशी धुऱ्यावर पेटवली जाते. वऱ्हाडातल्या जवळपास प्रत्येक गावात हेच दिसते.

अलीकडे कृषी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांसाठी नवकल्पनांच्या स्पर्धा होतात. त्यात शाश्वत शेतीसाठी ‘निसर्गाधारित उपाय’ मागवले जातात. पऱ्हाटीचे कंपोस्ट, ट्रायकोडर्मा बुरशी, दशपर्णी अर्क, आच्छादन अशा कल्पना मुले मांडतात. यातल्या पहिल्या कल्पनेचा शास्त्रीय पाया सुमारे शंभर वर्षांपूर्वी होळकरांच्या इंदूरमध्ये घातला गेला, आणि तोही कापसावर काम करणाऱ्या संस्थेत. ते काम करणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव सर अल्बर्ट हॉवर्ड. सेंद्रिय शेतीचे जनक म्हणून जग त्यांना ओळखते.

शेतकऱ्याचा मुलगा

हॉवर्ड यांचा जन्म १८७३ साली इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात झाला. वडील शेतकरी होते. केंब्रिजमध्ये निसर्गविज्ञान शिकल्यानंतर १८९९ मध्ये ते वेस्ट इंडीजमध्ये बुरशीतज्ज्ञ म्हणून रुजू झाले. उसावरच्या बुरशीजन्य रोगांचा अभ्यास हे त्यांचे काम होते. तिथे त्यांना एक गोष्ट सतत खटकली. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी दिसे, तिला नाव देता येई, पण सुचवलेला उपाय स्वतः करून पाहायला त्यांच्याकडे वीतभर जमीन नव्हती. रोगाचा तज्ज्ञ रोपापासून दूर बसला होता.

इंग्लंडला परतून त्यांनी दोन वर्षे वाय येथील कृषी महाविद्यालयात हॉप या वेलीवर काम केले. त्यानंतर १९०५ मध्ये ते भारतात आले. बिहारमधील पुसा येथे सरकारी कृषी संशोधन संस्था नुकतीच उभी राहत होती. तिथे त्यांना वनस्पतिशास्त्रज्ञाचे पद आणि प्रयोगांसाठी ७५ एकर जमीन मिळाली. त्याच वर्षी मुंबईत त्यांचा गॅब्रिएल मथाई यांच्याशी विवाह झाला. गॅब्रिएल स्वतः वनस्पतींच्या शरीरक्रियेच्या अभ्यासक होत्या. तापमानाचा प्रकाशसंश्लेषणावर काय परिणाम होतो, यावर त्यांनी केंब्रिजमध्ये महत्त्वाचे संशोधन केले होते. पुढची पंचवीस वर्षे दोघांचे काम वेगळे काढता येत नाही. गव्हाच्या ‘पुसा ४’ आणि ‘पुसा १२’ या नामांकित जाती या दोघांच्या प्रयोगांतून पुढे आल्या.

कीड हीच शिक्षिका

पुसा येथे आल्यावर हॉवर्ड यांना आजूबाजूच्या शेतांत एक कोडे दिसले. शेतकऱ्यांकडे कीटकनाशके नव्हती, विकतची खतेही नव्हती, तरी त्यांची पिके बऱ्यापैकी निरोगी होती. मग त्यांनी काही वर्षे शेतकऱ्यांच्या पद्धती बारकाईने पाहिल्या. मिश्र पिके कशी घेतात, कडधान्याचा फेर कधी देतात, जमीन कधी उघडी ठेवतात, हे सारे टिपले. शेतकरी आणि कीड या दोघांना त्यांनी आपले गुरू मानले. कीड पिकावर आली की ती मारण्याआधी ते आधी विचार करत: या झाडाचे काय बिघडले आहे? मुळांना हवा मिळते का? जमिनीत सेंद्रिय भाग उरला आहे का? ही जात या मातीला मानवते का?

वैद्यकशास्त्राला हा विचार परका नाही. क्षयाचा जंतू आपल्याकडे असंख्य लोकांच्या शरीरात शिरतो, पण रोग सगळ्यांना होत नाही. कुपोषण, मधुमेह, कोंदट घर आणि धूर यांनी शरीर खचले की तो डोके वर काढतो. म्हणून जंतूवर औषध द्यावे लागते आणि रुग्णाचे शरीरही उभे करावे लागते. हॉवर्ड यांनी हीच दृष्टी पिकाला लावली.

पुसा येथील त्यांच्या बैलांची गोष्ट पुढे फार गाजली. उत्तम चाऱ्यावर पोसलेले हे बैल शेजारच्या लाळ्या-खुरकत झालेल्या जनावरांच्या संपर्कात येऊनही आजारी पडले नाहीत, असे त्यांनी नोंदवले. निरीक्षण लक्षवेधी होते. मात्र बैल मोजकेच होते आणि तुलनेसाठी निकस चाऱ्यावर ठेवलेला दुसरा गट नव्हता. अशा निरीक्षणातून शंका निर्माण होते, सिद्धान्त सिद्ध होत नाही. लाळ्या-खुरकतीसाठी आज लसच द्यावी लागते, चांगला चारा तिची जागा घेऊ शकत नाही.

इंदूर आणि काळी माती

पुसा येथे प्रत्येक विषयाचा वेगळा विभाग होता. बुरशीतज्ज्ञ, कीटकतज्ज्ञ आणि रसायनतज्ज्ञ आपापल्या खोलीत काम करत. एकच पीक तुकड्यांत वाटले गेल्याने हॉवर्ड अस्वस्थ होते. १९२४ मध्ये त्यांना हवी तशी संस्था मिळाली. कापूस संशोधनासाठी नेमलेली मध्यवर्ती समिती आणि मध्य भारतातील संस्थाने यांच्या पैशातून इंदूरला वनस्पती उद्योग संस्था सुरू झाली. होळकर संस्थानाने ३०० एकर जमीन दिली.

इंदूरची काळी माती वऱ्हाडच्या मातीची बहीणच. उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात चिकट होऊन पाणी धरून ठेवते. पावसाच्या झडीत कापूस पिवळा पडतो, वाढ थांबते. पाण्याने भरलेल्या मातीत मुळांचा श्वास कोंडतो, हे हॉवर्ड यांनी ओळखले. त्यांनी आधी शेतातील पाण्याचा निचरा सुधारला. पण माती भुसभुशीत राहायची तर तिच्यात ह्यूमस, म्हणजे पूर्ण कुजलेला सेंद्रिय भाग हवा. शेणखत पुरेसे नव्हते, कारण गावातले बरेचसे शेण गोवऱ्या होऊन चुलीत जात होते. मग शेतात मुबलक काय उरते? पऱ्हाटी, तुराट्या, तण, पालापाचोळा.

अडचण अशी की पऱ्हाटी लाकडासारखी टणक. तशीच मातीत गाडली तर कुजायला फार काळ लागतो. शिवाय तिच्यात कार्बन भरपूर आणि नत्र अगदी कमी असते. ती कुजवणारे सूक्ष्मजीव लागणारे नत्र मातीतून ओढून घेतात आणि पीक उपाशी राहते. हा पेच सोडवण्यात हॉवर्ड यांचे मोठे भागीदार होते यशवंत वाड. इंदूरच्या संस्थेत ते रसायनशास्त्राचे काम पाहत. १९३१ मध्ये शेतीतील टाकाऊ पदार्थांवर जे पुस्तक प्रसिद्ध झाले, त्यावर हॉवर्ड आणि वाड अशी दोन्ही नावे आहेत. जगाने पुढे हॉवर्ड यांचे नाव लक्षात ठेवले आणि वाड यांचे विसरले.

खड्ड्यात काय घडते

त्यांची रीत साधी होती, पण प्रत्येक पायरी मोजलेली होती. पऱ्हाटी आणि तुराट्या शेतातल्या गाडीवाटेवर पसरायच्या. बैलगाड्यांच्या चाकांखाली त्या चिरडल्या जात. मग त्या गोठ्यात जनावरांखाली अंथरायच्या, म्हणजे त्यात मूत्र मुरते आणि नत्र मिळते. नंतर ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि दोन-तीन फूट खोल खड्ड्यात त्यांचे थर द्यायचे: काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख. प्रत्येक थर ओलावायचा, पण चिखल होऊ द्यायचा नाही. कार्बन आणि नत्र यांचे प्रमाण सुरुवातीला तीसास एकच्या आसपास ठेवायचे. पहिल्या महिन्यात दोनदा आणि दोन महिन्यांच्या सुमारास तिसऱ्यांदा ढीग वरखाली करायचा. तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, दुर्गंध नसलेले खत तयार होई. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते, म्हणून तेव्हा ढीग जमिनीवर रचत.

पहिल्या दिवसांत ढिगाचे तापमान ६० अंश सेल्सिअसच्या वर जाते. ही उष्णता सूक्ष्मजीवांच्या श्वसनातून येते. तिच्यात तणांचे बी, माश्यांच्या अळ्या आणि बहुतेक रोगजंतू मरतात. ढिगाच्या कडा थंड राहतात, म्हणून वरखाली करणे टाळून चालत नाही. गावातला उकिरडा आणि इंदूरचा ढीग यांत हाच फरक आहे. उकिरड्यात हवा नसते, तो सडतो, त्यावर माश्या वाढतात आणि माश्यांबरोबर जुलाब घरात येतात.

वाड यांनी जॅक्सन या सहकाऱ्याबरोबर हीच पद्धत वस्तीतील मैला आणि केरकचऱ्यासाठी वापरली आणि १९३४ मध्ये ते काम एका वैद्यकीय नियतकालिकात मांडले. शेतीच्या प्रयोगातून सार्वजनिक आरोग्याचा एक उपाय निघाला होता. मात्र मानवी मैल्यातील जंतांची अंडी फार चिवट असतात. असे खत करायचे तर तापमान आणि कालावधी यांत तडजोड चालत नाही.

इंदूरच्या संस्थेत मजुरांना वेळेवर मजुरी, कामाचे मर्यादित तास, विश्रांती आणि औषधोपचार मिळत. शेतीचे उत्पादन राबणाऱ्याच्या प्रकृतीवरही अवलंबून असते, ही जाण त्या काळात दुर्मीळ होती.

मोठेपण आणि मर्यादा

१९३० मध्ये गॅब्रिएल यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी हॉवर्ड भारत सोडून गेले. १९३४ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. इंदूर पद्धत चहा-कॉफीच्या मळ्यांमार्फत आफ्रिका आणि आशियातील अनेक देशांत पोहोचली. १९४० मध्ये त्यांचा शेतीविषयक प्रमुख ग्रंथ आला आणि त्यातून इंग्लंड-अमेरिकेतील सेंद्रिय चळवळीला बळ मिळाले. मुळांशी सहजीवन करणाऱ्या मायकोरायझा बुरशीचे महत्त्व त्यांनी आग्रहाने सांगितले. ही बुरशी मुळांना स्फुरद मिळवून देते, हे आज पक्के माहीत आहे. २० ऑक्टोबर १९४७ रोजी त्यांचे निधन झाले.

उत्तरायुष्यात त्यांची भूमिका कठोर होत गेली. रासायनिक खत म्हणजे रोगाचे मूळ आणि ह्यूमस असलेल्या जमिनीतले अन्न म्हणजे आरोग्याची हमी, असे ते मांडू लागले. माणसाच्या बाबतीत याला भक्कम पुरावा त्यांच्याकडे नव्हता आणि आजही नाही. कंपोस्टवर पिकलेली भाजी खाल्ल्याने मधुमेह किंवा कर्करोग टळतो, असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. जमिनीतील जस्तासारखे घटक कमी झाले की पिकातही ते कमी होतात, एवढे मात्र खरे. आणि फवारणी कमी झाल्याचा पहिला फायदा ग्राहकाआधी फवारणी करणाऱ्याला होतो. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. अनेकांच्या डोळ्यांवर परिणाम झाला. वऱ्हाडासाठी हा प्रश्न जिवाचा आहे.

पऱ्हाटीचा संबंध इथे थेट येतो. गुलाबी बोंडअळी हंगाम संपल्यावर शेतात राहिलेल्या पऱ्हाटीच्या बोंडांत टिकून राहते. फरदड घेतली किंवा पऱ्हाटीचे ढीग धुऱ्यावर तसेच ठेवले की तिला आसरा मिळतो. पुढच्या हंगामात अळी वाढते, मग फवारण्या वाढतात. जाळले तर धूर होतो आणि सेंद्रिय कार्बन हवेत जातो. डिसेंबरअखेर पीक काढून, पऱ्हाटी यंत्राने बारीक करून तिचे तापलेले, वरखाली केलेले कंपोस्ट केले, तर अळीचा आसरा मोडतो आणि काळ्या मातीला हवे ते मिळते. गाडीच्या चाकांचे काम आता ट्रॅक्टरवरचे कुट्टी यंत्र करते.

स्पर्धेसाठी प्रकल्प करणाऱ्या मुलांनी हॉवर्ड यांच्याकडून नेमके काय घ्यावे? विषय धुऱ्यावर शोधावा. शेतकरी जे करतो त्याचे कारण आधी विचारावे. ढिगात तापमापक खुपसून रोजची नोंद ठेवावी. शेजारी उपाय न केलेला तुलनेचा पट्टा सोडावा, कारण पुसाच्या बैलांच्या गोष्टीत तोच नव्हता. मजुरीचे तास आणि लागलेले पाणी खर्चात धरावे, कारण ढीग तीनदा उलटायला माणसे लागतात आणि ती नसतील तर चांगली पद्धतही गावात टिकत नाही. दशपर्णी असो की आणखी काही, वनस्पतीपासून केले म्हणजे ते निर्धोक, असे गृहीत धरू नये. फवारताना हातमोजे, मास्क आणि वाऱ्याची दिशा पाहणे तिथेही हवेच. आणि प्रकल्पावर नावे लिहिताना सोबत राबलेल्या प्रत्येकाचे नाव लिहावे. यशवंत वाड यांचे नाव इंदूरच्या पुस्तकावर आहे म्हणूनच त्यांचे काम आज शोधता येते.