पदवीनंतरचे शिक्षण आणि रॉबर्ट बारानी

कानात पिचकारीने पाणी सोडून तो स्वच्छ करणे, हे विसाव्या शतकाच्या आरंभी व्हिएन्नाच्या कर्णरोग विभागातील नित्याचे काम होते. या पाण्याने कित्येकांना घेरी येई, आणि ती काही वेळाने ओसरेही. एका रुग्णाने मात्र तक्रार केली, की पाणी थंड असले की आपल्याला चक्कर येते. पुढे पाणी फार गरम झाले, तेव्हाही चक्कर आली. पण डोळ्यांचे झटके या वेळी उलट दिशेने पडत होते. तरुण डॉक्टर रॉबर्ट बारानी यांनी हा फरक टिपला आणि अंतःकर्णातील तोलाच्या यंत्रणेची परीक्षा करण्याची रीत त्यातून निर्माण झाली.

बारानी यांचा जन्म १८७६ साली व्हिएन्नात झाला. बालपणी क्षयाने त्यांचा गुडघा कायमचा आखडला. वैद्यकाची ओढ त्यातूनच लागली असे म्हणतात. १९०० साली पदवी मिळाली, तरी त्यांचे शिक्षण थांबले नाही. जर्मनीत अंतर्वैद्यक, मनोविकार व मज्जाविकार आणि व्हिएन्नात शस्त्रक्रिया, एवढा अभ्यास करून १९०३ साली ते अॅडम पोलिट्झर यांच्या कर्णरोग विभागात दाखल झाले. कानाच्या रुग्णाचे डोळे पाहण्याची दृष्टी या चौफेर अभ्यासाने दिली असावी.

पहिल्या महायुद्धात ते शल्यचिकित्सक म्हणून ऑस्ट्रियाच्या सैन्यात गेले. १९१५ साली प्शेमिशल किल्ला पडला आणि रशियनांनी त्यांना कैद करून मध्य आशियातील मर्व्ह येथे धाडले. १९१४ चे नोबेल पारितोषिक आपल्याला मिळाल्याची वार्ता त्यांना युद्धकैद्यांच्या छावणीत कळली. स्वीडनच्या राजपुत्र कार्ल यांनी रेडक्रॉसतर्फे मध्यस्थी केल्याने १९१६ साली त्यांची सुटका झाली. मायदेशी मात्र पूर्वसूरींच्या संशोधनाचे पुरेसे ऋण मानले नाही, असा आक्षेप सहकाऱ्यांनी घेतला आणि प्राध्यापकपद नाकारले गेले. ते स्वीडनमधील उप्साला येथे गेले आणि १९३६ साली, साठी पूर्ण होण्याच्या थोडे आधी, तेथेच निवर्तले.

त्यांच्या चरित्रातील खरा धडा यापुढे आहे. अंथरुणात कुशीवर वळताच चक्कर येणाऱ्या एका तरुण स्त्रीचे निरीक्षण त्यांनी १९२१ साली प्रसिद्ध केले. या विकाराची पद्धतशीर तपासणी डिक्स आणि हॉलपाइक यांनी १९५२ साली वर्णिली. आणि अंतःकर्णातील सुटे झालेले सूक्ष्म चुनखडी कण डोके ठरावीक क्रमाने वळवून मूळ जागी नेण्याची एप्ली यांची रीत १९९२ साली प्रसिद्ध झाली. निरीक्षण आणि उपाय यांत सात दशके लोटली. काही मिनिटांच्या या उपचाराला ना औषध लागते ना यंत्र. केवळ शिकलेले हात लागतात. तरीही अशा रुग्णांच्या वाट्याला अनेकदा गोळ्या आणि महागड्या तपासण्याच येतात. ज्ञानाचे उत्पादन झाले, पण वितरण अडखळले, की त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते.

बारानी यांचे स्वतःचे स्पष्टीकरणही अखेरचे ठरले नाही. गरम झालेला द्रव वर चढतो आणि थंड झालेला खाली उतरतो. अंतःकर्णातील द्रवाच्या या हालचालीनेच डोळ्यांना झटके बसतात, असे त्यांचे मत होते. १९८३ साली स्पेसलॅब या अंतराळ प्रयोगशाळेत, जेथे अशी चढउतार संभवत नाही तेथेही, झटके दिसून आले. कसोटी टिकली; तिच्या उपपत्तीत भर घालावी लागली. नोबेलविजेत्याच्या बाबतीत जे घडते, ते महाविद्यालयात वीस वर्षांपूर्वी घोकलेल्या पाठाच्या बाबतीत का घडू नये?

डॉक्टरांच्या निरंतर शिक्षणाचे मर्म हेच होय. महाराष्ट्रात नोंदणीच्या नूतनीकरणासाठी अशा शिक्षणाचे गुण मिळवावे लागतात, हे योग्यच आहे. परंतु सभागृहात हजेरी लावून मिळालेला गुण आणि रुग्णाच्या मानेवर हात ठेवून मिळवलेले कौशल्य, यांत अंतर आहे. चक्कर येणाऱ्या माणसाला डॉक्टरांच्या प्रमाणपत्रांची संख्या ठाऊक नसते. त्याला आपल्या पायांखालची जमीन स्थिर हवी असते. पाणी थंड असल्याच्या साध्या तक्रारीकडे कान देणारा डॉक्टर बारानींच्या विभागात होता, म्हणून हे शास्त्र उभे राहिले. तसे कान आणि शिकण्याची तशी तयारी दवाखान्या-दवाखान्यांत जागी राहील, तरच त्या शोधाचे फळ रुग्णापर्यंत पोहोचेल.