भुकेची चित्रे काढणारा कलावंत

नोव्हेंबर १९४३. बंगालमधील मिदनापूर जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतून अठ्ठावीस वर्षांचा एक तरुण चित्रकार बहुतांशी पायीच हिंडत होता. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात आलेल्या चक्रीवादळाने हा किनारी मुलूख उद्ध्वस्त केला होता आणि त्यापाठोपाठ महादुष्काळ आला होता. ओसाड घरे, अन्नछत्रापुढच्या रांगा, हाडांचे सापळे झालेली मुले असे जे जे दिसेल ते हा तरुण काळ्या शाईने जागच्या जागी रेखाटत होता. चित्रातील माणसाचे नाव-गाव टिपून ठेवण्याचाही त्याचा कटाक्ष असे. दुष्काळात मेलेली माणसे सरकारी दप्तरात केवळ आकडा बनून राहतात, या चित्रांत मात्र त्यांना चेहरा मिळाला. या चित्रकाराचे नाव चित्तप्रसाद.

त्यांचा जन्म १९१५ मध्ये बंगालमधील नैहाटी येथे झाला. महाविद्यालयीन शिक्षण चितगावला झाले. कलाशाळेचे रीतसर शिक्षण त्यांना लाभले नाही. पाहून, करून आणि चुकून ते शिकत गेले. भट्टाचार्य हे जातिदर्शक आडनाव त्यांनी टाकले आणि पुढे आयुष्यभर ते केवळ चित्तप्रसाद या नावानेच ओळखले गेले. चितगावच्या शेतकरी चळवळीतून ते कम्युनिस्ट पक्षाच्या कामात ओढले गेले. भित्तिपत्रके, व्यंगचित्रे, सभांसाठीचे फलक असे पडेल ते काम त्यांनी केले.

मिदनापूरच्या भटकंतीतून ‘हंग्री बंगाल’ ही सचित्र पुस्तिका जन्माला आली. ब्रिटिश सरकारला ती चित्रे सोसली नाहीत. पुस्तिकेच्या सुमारे पाच हजार प्रती जप्त करून जाळण्यात आल्या. चित्रकाराच्या कुटुंबीयांनी जपून ठेवलेली एक प्रत तेवढी वाचली आणि तिच्यावरूनच २०११ मध्ये पुस्तिकेची प्रतिकृती प्रसिद्ध झाली. त्या काळात मुंबईहून निघणाऱ्या ‘पीपल्स वॉर’ या पक्षाच्या साप्ताहिकातून मात्र चित्तप्रसादांची दुष्काळचित्रे देशभरच्या वाचकांपर्यंत पोहोचत राहिली. त्याच सुमारास, १९४३ मध्येच, मुंबईत ‘इप्टा’ ही लोकनाट्य संघटना स्थापन झाली. तिच्या पथकांनी गावोगाव गाण्यांचे आणि नाट्याचे कार्यक्रम करून बंगालच्या दुष्काळग्रस्तांसाठी निधी गोळा केला. या संघटनेचे नगारा वाजवणाऱ्या माणसाचे बोधचिन्ह चित्तप्रसादांच्याच हातचे.

१९४६ मध्ये ते मुंबईत स्थायिक झाले. त्या वर्षीच्या नौसैनिकांच्या उठावावरही त्यांनी चित्रे काढली. मात्र चाळीसच्या दशकाच्या अखेरीस पक्षाच्या बदललेल्या धोरणाशी त्यांचे पटेनासे झाले आणि ते पक्षकार्यापासून दूर झाले. विचारांवरील निष्ठा कायम राहिली, पण आधार सुटला. यापुढचे आयुष्य अंधेरीतील लहानशा घरात, मिळेल त्या कामावर गुजराण करत गेले. पुस्तकांसाठी चित्रे, मुलांसाठी रामायणाची चित्रमालिका, शांतता चळवळीची पोस्टर्स अशी नाना प्रकारची कामे त्यांनी केली. बिमल रॉय यांच्या १९५३ सालच्या ‘दो बिघा जमीन’ या चित्रपटाचे पोस्टरही त्यांनी केले.

या काळात लिनोकट हे त्यांचे मुख्य माध्यम बनले. लिनोलियमच्या तुकड्यावर कोरणीने चित्र कोरायचे, त्यावर शाई फिरवायची आणि कागद दाबून ठसा घ्यायचा, अशी ही पद्धत. तिला महागडे कॅनव्हास लागत नाहीत की तैलरंग. एकाच ठशातून अनेक प्रती निघतात. धनिकाच्या दिवाणखान्यातील एकमेव चित्रापेक्षा सामान्यांच्या हाती जाणाऱ्या अनेक प्रती त्यांना अधिक मोलाच्या वाटत. बालमजुरांवरील त्यांची लिनोकट मालिका याच भावनेतून साकारली. शाळेत जाण्याच्या वयात बूटपॉलिश करणारी, ओझी वाहणारी, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन राबणारी मुले त्यांत दिसतात. युनिसेफच्या डॅनिश समितीने १९६९ मध्ये ही मालिका पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली.

मुलांविषयीची ही कणव कागदापुरती राहिली नाही. एका चेक स्नेह्याच्या प्रोत्साहनाने चित्तप्रसाद कळसूत्री बाहुल्यांकडे वळले. ‘खेलाघर’ या नावाने त्यांनी बाहुल्यांचा छोटा रंगमंच उभारला. बाहुल्या घडवण्यापासून त्यांना नाचवण्यापर्यंत सारे ते स्वतः करत आणि आसपासच्या गरीब वस्त्यांतील मुलांना खेळ दाखवत. त्यातून मिळकत होण्याचा प्रश्नच नव्हता. दुष्काळात मुलांच्या डोळ्यांतले मरण रेखाटणारा हा हात आता मुलांना हसवण्यात रमला होता.

परदेशात, विशेषतः चेकोस्लोव्हाकियात, त्यांच्या कामाची कदर झाली. १९७२ मध्ये पावेल होब्ल या चेक दिग्दर्शकाने त्यांच्यावर माहितीपट केला. मायदेशात मात्र कलाबाजाराने त्यांची फारशी दखल घेतली नाही आणि त्यांनीही त्या बाजाराची पायरी कधी चढली नाही. त्याची किंमत त्यांनी दारिद्र्याने आणि एकटेपणाने मोजली. १३ नोव्हेंबर १९७८ रोजी कलकत्त्यात त्यांचे निधन झाले.

पुढे चित्र पालटले. २०११ मध्ये दिल्लीतील एका कलादालनाने त्यांच्या कामाचे मोठे सिंहावलोकनी प्रदर्शन भरवले, ग्रंथ निघाले, संग्राहक पुढे आले. ज्या चित्रांनी चित्रकाराला दोन वेळची निश्चिंती दिली नाही, ती आता संग्रहालयांत आणि खासगी संग्रहांत मानाने मिरवत आहेत. मात्र चित्तप्रसादांच्या कलेचा खरा पत्ता तिथला नाही. मिदनापूरच्या वाटेवर आणि अंधेरीतील वस्तीत, जिथे चित्र विकत घेण्याची कोणाचीच ऐपत नव्हती, तिथल्या माणसांसाठी ती जन्मली होती.