सॅम कुक

सॅम कुक (२२ जानेवारी, १९३१, क्लार्क्सडेल, मिसिसिपी – ११ डिसेंबर, १९६४, लॉस एंजेलस, कॅलिफोर्निया) हे अमेरिकन गायक, गीतकार आणि संगीत-प्रकाशक होते. चर्चमधील गॉस्पेल गायनातून ऱ्हिदम अँड ब्लूजकडे आणि तेथून सर्व वर्णांच्या श्रोत्यांच्या लोकप्रिय संगीतात गेलेल्या आरंभीच्या कलावंतांत त्यांची गणना होते. पुढे 'सोल' या नावाने रूढ झालेल्या गायनप्रकाराच्या प्रवर्तकांपैकी ते एक मानले जातात. आपल्या गीतांचे व ध्वनिमुद्रणांचे हक्क स्वतःकडे राखण्यासाठी धडपडणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय गायकांतही त्यांचे नाव घेतले जाते.

बालपण

कुक यांचे वडील चार्ल्स कुक हे धर्मोपदेशक होते. आठ भावंडांत सॅम पाचवे. १९३३ मध्ये हे कुटुंब मिसिसिपी सोडून शिकागोला स्थायिक झाले. दक्षिणेतील दारिद्र्य व वर्णभेद यांना कंटाळून त्या काळात लाखो कृष्णवर्णीय उत्तरेकडील औद्योगिक शहरांत जात होते. कुक कुटुंब त्यांपैकीच एक. भावंडांचा 'सिंगिंग चिल्ड्रन' नावाचा संच वडिलांच्या चर्चमध्ये गात असे. शाळकरी वयात सॅम 'हायवे क्यूसीज' या तरुणांच्या गॉस्पेल चमूत दाखल झाले.

सोल स्टिरर्स

१९५० च्या अखेरीस, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांना 'सोल स्टिरर्स' या नामांकित गॉस्पेल चमूत मुख्य गायकाची जागा मिळाली. ही जागा आर. एच. हॅरिस यांनी सोडली होती आणि हॅरिस हे त्या काळी या क्षेत्रातील आदर्श समजले जात. सुरुवातीला कुक त्यांचेच अनुकरण करीत. गॉस्पेलमधील मुख्य गायक सहसा स्वर चढवत नेऊन शेवटी आर्त हाकेपर्यंत पोहोचत असे. कुक यांनी वेगळी वाट धरली. वरच्या स्वरावर आदळण्याऐवजी ते त्याच्या भोवती एक नाजूक हरकत घेत आणि सहज खाली उतरत. ही हरकत पुढे त्यांची ओळख बनली आणि त्यांच्या जवळपास प्रत्येक प्रसिद्ध गाण्यात ती ऐकू येते.

१९५१ मध्ये लॉस एंजेलसच्या 'स्पेशल्टी रेकॉर्ड्स'साठी या चमूने गायलेले 'जीझस गेव्ह मी वॉटर' लोकप्रिय झाले. 'टच द हेम ऑफ हिज गारमेंट' (१९५६) हे कुक यांनी बायबलमधील कथेवर रचलेले गीत त्यांच्या गॉस्पेल कारकिर्दीतील सर्वांत परिचित गीतांपैकी आहे. देखणे रूप आणि मृदू आवाज यांमुळे तरुण श्रोते त्यांच्या कार्यक्रमांना मोठ्या संख्येने येऊ लागले.

लौकिक संगीतात प्रवेश

त्या काळी अमेरिकेतील संगीताची बाजारपेठ वर्णानुसार विभागलेली होती. 'बिलबोर्ड' हे व्यावसायिक साप्ताहिक कृष्णवर्णीयांच्या संगीताची क्रमवारी १९४९ पर्यंत 'रेस रेकॉर्ड्स' या नावाने छापत असे. त्या वर्षी हे नाव बदलून 'ऱ्हिदम अँड ब्लूज' करण्यात आले. नाव बदलले तरी भिंत कायम राहिली. कृष्णवर्णीय गायकाचे गाणे गाजू लागले, की मोठ्या कंपन्या तेच गाणे एखाद्या गौरवर्णीय गायकाकडून तातडीने गाऊन घेत आणि बहुतेक नभोवाणी केंद्रे ही दुसरी आवृत्ती वाजवत. फॅट्स डॉमिनो यांचे 'एन्ट दॅट अ शेम' पॅट बून यांच्या आवाजात १९५५ मध्ये पॉप क्रमवारीच्या शिखरावर पोहोचले, हे याचे ठळक उदाहरण.

कुक यांच्यापुढे आणखी एक अडचण होती. गॉस्पेलच्या श्रोत्यांच्या लेखी ईश्वराला वाहिलेला आवाज प्रेमगीतांसाठी वापरणे हा जवळजवळ धर्मद्रोह होता आणि असा गायक पुन्हा चर्चमध्ये स्वीकारला जाईल याची शाश्वती नव्हती. म्हणून पहिले लौकिक गीत 'लव्हेबल' १९५७ मध्ये 'डेल कुक' या टोपणनावाने प्रसिद्ध झाले. ते सोल स्टिरर्सच्याच 'वंडरफुल' या भक्तिगीतावर बेतलेले होते. टोपणनावाचा उपयोग झाला नाही. आवाज कोणाचा हे श्रोत्यांनी लगेच ओळखले.

त्याच वर्षी निर्माते बम्प्स ब्लॅकवेल यांनी कुक यांच्यासोबत गौरवर्णीय गायकांचा कोरस घेऊन काही गाणी ध्वनिमुद्रित केली. स्पेशल्टीचे मालक आर्ट रूप यांना हा सौम्य, पॉपकडे झुकणारा बाज पसंत पडला नाही. वाद विकोपाला गेला आणि ब्लॅकवेल येणे रकमेच्या बदल्यात ती ध्वनिमुद्रणे घेऊन बाहेर पडले. त्यांतलेच 'यू सेंड मी' हे गीत नवजात 'कीन' कंपनीने बाजारात आणले. रूप यांच्या प्रकाशन-संस्थेला गीताचा हक्क मिळू नये म्हणून गीतकार म्हणून कुक यांच्या भावाचे नाव छापण्यात आले. याच सुमारास सॅम यांनी आपल्या आडनावाच्या रोमन लेखनात शेवटी 'ई' हे अक्षर जोडले. उच्चार तोच राहिला.

'यू सेंड मी' पॉप व ऱ्हिदम अँड ब्लूज या दोन्ही क्रमवाऱ्यांत पहिल्या क्रमांकावर पोहोचले आणि त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. गायिका टेरेसा ब्रूअर यांची आवृत्तीही रीतसर बाजारात आली. मात्र या वेळी मूळ गाणेच पुढे राहिले. ३ नोव्हेंबर, १९५७ रोजी एड सलिव्हन यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात कुक यांनी गाणे सुरू करताच वेळ संपल्याने प्रक्षेपण तोडले गेले. प्रेक्षकांच्या तक्रारींनंतर १ डिसेंबरला त्यांना पुन्हा बोलावण्यात आले. एका तुटलेल्या प्रक्षेपणाने त्यांची जेवढी जाहिरात केली, तेवढी पुऱ्या गाण्याने क्वचितच केली असती.

दोन रंगमंच

न्यू यॉर्कमधील 'कोपाकबाना' हा उच्चभ्रू क्लब म्हणजे प्रौढ गौरवर्णीय श्रोत्यांच्या मान्यतेची मोहर समजली जाई. मार्च १९५८ मधील तेथील कुक यांचा कार्यक्रम सपशेल पडला. त्याच वर्षी नोव्हेंबरात आर्कान्सामध्ये झालेल्या मोटार अपघातात त्यांच्या चालकाचा मृत्यू झाला व सहप्रवासी गायक लू रॉल्स गंभीर जखमी झाले. कुक यांना किरकोळ इजा झाली.

१९६० मध्ये ते 'आरसीए व्हिक्टर' या बड्या कंपनीत गेले. 'चेन गँग' (१९६०), 'क्युपिड' (१९६१), 'ट्विस्टिंग द नाइट अवे' आणि 'ब्रिंग इट ऑन होम टू मी' (दोन्ही १९६२) ही या काळातील गाजलेली गीते होत. साखळदंडातील कैद्यांच्या श्रमावर रचलेले 'चेन गँग' नाचता येईल अशा ठेक्यात पॉप क्रमवारीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. शेवटच्या गीतात रॉल्स यांच्या साथीने चर्चमधील हाक-प्रतिसादाची पद्धत जवळजवळ तशीच उतरली आहे.

१२ जानेवारी, १९६३ रोजी मायामीतील कृष्णवर्णीय वस्तीतल्या 'हार्लेम स्क्वेअर क्लब'मध्ये त्यांच्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण झाले. त्यात घोगरा, घामाने भिजलेला, श्रोत्यांशी थेट भिडणारा आवाज ऐकू येतो. कंपनीला तो पॉप श्रोत्यांसाठी अति रांगडा वाटला आणि ध्वनिमुद्रण कपाटात पडून राहिले. याउलट १९६४ च्या उन्हाळ्यात कोपाकबानामध्ये झालेल्या यशस्वी पुनरागमनाची ध्वनिमुद्रिका त्याच वर्षी प्रकाशित झाली. तीत कुक सफाईदार, विनोदी आणि काहीसे हात राखून गाताना आढळतात.

व्यवसाय

गॉस्पेल गायक जे. डब्ल्यू. अलेक्झांडर यांच्या भागीदारीत कुक यांनी 'कॅग्ज म्युझिक' ही गीतांच्या हक्कांची कंपनी आणि १९५९ मध्ये 'एसएआर रेकॉर्ड्स' सुरू केली. बॉबी वोमॅक व त्यांचे बंधू, जॉनी टेलर, सिम्स ट्विन्स आदींची गाणी येथे ध्वनिमुद्रित झाली. वोमॅक बंधूंना कुक यांनी स्वतः चाललेल्या वाटेनेच नेले: त्यांचे एक भक्तिगीत शब्द बदलून 'लुकिंग फॉर अ लव्ह' (१९६२) या प्रेमगीतात रूपांतरित झाले. त्यांच्याच 'इट्स ऑल ओव्हर नाऊ' या गीताची रोलिंग स्टोन्स या इंग्लिश बँडने १९६४ मध्ये केलेली आवृत्ती ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. वोमॅक सुरुवातीला नाराज झाले. परंतु गीताचा हक्क कॅग्जकडे असल्याने मोबदला या वेळी मूळ रचनाकार व प्रकाशकाकडे आला.

१९६३ मध्ये व्यवस्थापक ॲलन क्लाइन यांनी आरसीएचे हिशेब तपासून थकीत रक्कम वसूल केली आणि 'ट्रेसी लिमिटेड' या नव्या कंपनीमार्फत नवा करार केला. कुक यांच्या मृत्यूनंतर मात्र या कंपनीसह गीतांचे हक्क अखेर क्लाइन यांच्याच संस्थेकडे गेले.

वर्णभेद आणि 'अ चेंज इज गॉना कम'

१९६१ मध्ये मेम्फिस येथे वर्णानुसार वेगळे बसवलेल्या श्रोत्यांपुढे गाण्यास कुक व क्लाइड मॅकफॅटर यांनी नकार दिला होता. ८ ऑक्टोबर, १९६३ रोजी लुईझियानातील श्रीव्हपोर्ट येथे आगाऊ खोल्या राखूनही एका हॉटेलने त्यांना प्रवेश नाकारला. कुक यांनी तेथून हलण्यास नकार दिल्यावर त्यांना व सहकाऱ्यांना शांतताभंगाच्या आरोपाखाली अटक झाली. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांचा तान्हा मुलगा व्हिन्सेंट घरच्या जलतरण तलावात बुडून मरण पावला होता.

बॉब डिलन यांचे 'ब्लोइंग इन द विंड' ऐकल्यावर आपल्या लोकांची व्यथा एका गौरवर्णीय तरुणाने मांडावी, याचे कुक यांना कौतुकही वाटले आणि शल्यही. त्यातून 'अ चेंज इज गॉना कम' हे गीत जन्मले. रेने हॉल यांच्या भव्य वाद्यवृंद-रचनेसह ते ३० जानेवारी, १९६४ रोजी ध्वनिमुद्रित झाले. ७ फेब्रुवारीला 'टुनाइट शो'मध्ये कुक यांनी ते गायले. त्याच महिन्याच्या २५ तारखेला मायामीत कॅशियस क्ले यांनी जगज्जेतेपद जिंकले, तेव्हा माल्कम एक्स यांच्याप्रमाणेच कुकही तेथे उपस्थित होते.

मृत्यू

११ डिसेंबर, १९६४ रोजी लॉस एंजेलसमधील एका मोटेलमध्ये तेथील व्यवस्थापिकेने झाडलेल्या गोळीने कुक यांचा मृत्यू झाला. त्या वेळी ते ३३ वर्षांचे होते. मृत्यूच्या चौकशीत हे कृत्य स्वसंरक्षणार्थ, म्हणून समर्थनीय ठरवण्यात आले. कुटुंबीय व मित्रांना हा निष्कर्ष पटला नाही. शिकागो व लॉस एंजेलस येथील अंत्यविधींना प्रचंड गर्दी लोटली.

त्यानंतर काही दिवसांतच 'शेक' या नृत्यगीताची तबकडी निघाली आणि तिच्या मागील बाजूस 'अ चेंज इज गॉना कम' होते. नभोवाणीसाठी लांबी कमी करताना सार्वजनिक ठिकाणी होणाऱ्या मज्जावाचा उल्लेख असलेले कडवे त्यातून गाळण्यात आले. नागरी हक्क चळवळीने हे गीत आपलेसे केले. १९८६ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने गौरवलेल्या पहिल्या तुकडीत कुक यांचा समावेश झाला. श्रीव्हपोर्टच्या महापौरांनी १९६३ च्या अटकेबद्दल २०१९ मध्ये त्यांच्या कुटुंबीयांची माफी मागितली. हार्लेम स्क्वेअर क्लबमधील ध्वनिमुद्रण श्रोत्यांना १९८५ मध्ये, म्हणजे बावीस वर्षांनी, ऐकायला मिळाले.