पीटर सशाला जन्म देणाऱ्या बिॲट्रिक्स पॉटर

नातवंडांना मांडीवर घेऊन निसर्गाची चित्रं असलेलं कोणतं पुस्तक वाचावं, हा विषय आपल्या मंडळात निघाला की आम्ही पीटर सशाचं नाव हमखास सुचवतो. निळा कोट घातलेला हा ससा मुलांना दप्तरावर आणि टीव्हीवर भेटलेला असतो. तो जिच्या हातून कागदावर उतरला, त्या बाईंबद्दल मात्र आपल्याकडे फारसं बोललं जात नाही.

बिॲट्रिक्स यांचा जन्म २८ जुलै १८६६ रोजी लंडनमध्ये झाला. आजोबांचा कापडछपाईचा मोठा कारखाना, त्यामुळे घरी पैसा भरपूर. मुलगी मात्र शाळेत गेली नाही. शिकवायला बाई घरी येत, आणि मैत्रिणी जवळजवळ नव्हत्याच. ती उणीव तिने आणि धाकट्या भावाने प्राण्यांनी भरून काढली. ससे, उंदीर, बेडूक, सरडे, वटवाघूळ, काटेरी अंगाचा हेजहॉग असं सगळं त्या घरात नांदत होतं. एखादा प्राणी मेला तर ही भावंडं त्याची हाडं स्वच्छ करून सांगाड्याची चित्रं काढत. ऐकायला कसंसंच वाटतं खरं! पण कोट-बूट घातलेला पीटर पळताना खराखुरा ससाच वाटतो, त्याचं कारण इथे आहे. कपड्यांच्या आत सशाचा सांगाडा कसा वळतो, हे तिला ठाऊक होतं.

सुट्टीत हे कुटुंब स्कॉटलंडला आणि पुढे इंग्लंडच्या सरोवरांच्या प्रदेशात, लेक डिस्ट्रिक्टला, जाई. तिथे तिला अळिंबीचा नाद लागला. चार्ल्स मॅकिंटॉश नावाचे एक स्कॉटिश पोस्टमन निसर्गाचे चांगले जाणकार होते. ते तिला नमुने पाठवत आणि ती त्यांची चित्रं काढी. अळिंबीचे बीजाणू कसे रुजतात यावर तिने निबंधही लिहिला. १८९७ मध्ये तो लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे मांडला गेला तेव्हा ती स्वतः तिथे नव्हती, कारण स्त्रियांना त्या सभेत प्रवेशच नव्हता. पुढे तिने तो निबंध मागे घेतला आणि विज्ञानाचं ते दार तिच्यासाठी बंद झालं.

दुसरं दार एका पत्राने उघडलं. तिच्या जुन्या शिक्षिकेचा पाच वर्षांचा मुलगा नोएल आजारी होता. सप्टेंबर १८९३ मध्ये त्याला काय लिहावं हे सुचेना, म्हणून तिने चार सशांची गोष्ट चित्रांसह लिहून पाठवली. मुलाने ते पत्र जपून ठेवलं. काही वर्षांनी तिने तेच मागून घेतलं आणि त्याचं पुस्तक केलं. प्रकाशकांनी नकार दिले. पुस्तक लहान मुलाच्या हातात मावेल एवढंच हवं आणि स्वस्त हवं, यावर ती अडून बसली होती. शेवटी डिसेंबर १९०१ मध्ये तिने स्वतःच्या खर्चाने २५० प्रती छापून घेतल्या. पुढच्या वर्षी फ्रेडरिक वॉर्न कंपनीने ते रंगीत चित्रांसह काढलं, किंमत एक शिलिंग.

त्या गोष्टीत पीटरची आई पहिल्याच पानांत सांगते की बाबा मॅकग्रेगरच्या मळ्यात गेले आणि त्यांचा पाय झाला, म्हणजे मांस भरून भाजलेला पदार्थ. आमच्यातल्या काही आज्या हे वाक्य हळूच गाळतात. आम्हाला ते पटत नाही. निसर्गात कोणी कोणाला खातं, हे बिॲट्रिक्सनी मुलांपासून कधीच लपवलं नाही. जेमिमा बदकीच्या गोष्टीत तर कोल्ह्यापासून वाचलेली तिची अंडी सोडवायला आलेली कुत्र्याची पिल्लंच फस्त करतात. मुलं दचकतात, दोन प्रश्न विचारतात आणि पुन्हा तेच पान काढायला लावतात.

१९०५ मध्ये त्यांचं लग्न प्रकाशक घराण्यातल्या नॉर्मन वॉर्न यांच्याशी ठरलं. व्यापारी माणूस आईवडिलांना पसंत नव्हता, आणि महिन्याभरात नॉर्मन आजाराने वारलेच. त्याच वर्षी बिॲट्रिक्सनी लेक डिस्ट्रिक्टमधलं हिल टॉप हे शेत विकत घेतलं. जेमिमाची गोष्ट तिथल्याच अंगणात सुरू होते. १९१३ मध्ये, सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी तिथले वकील विल्यम हीलिस यांच्याशी लग्न केलं. आईवडील याही वेळी नाराजच होते.

पुढे पुस्तकं कमी झाली आणि मेंढ्या वाढल्या. डोंगरातल्या हर्डविक जातीच्या मेंढ्या टिकाव्यात म्हणून त्या खपल्या. पुस्तकांच्या पैशांतून एकेक शेत घेत गेल्या, बंगले आणि हॉटेलं तिथे उभी राहू नयेत म्हणून. २२ डिसेंबर १९४३ रोजी त्या वारल्या, तेव्हा चार हजारांहून अधिक एकर जमीन नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे गेली. त्यांची रक्षा मेंढपाळ टॉम स्टोरी यांनी हिल टॉपच्या आसपास विखुरली. नेमकी जागा त्यांनी गुप्तच ठेवली.