रक्तगट शोधणारा माणूस

पूर्वी रक्त चढवले की कोणी वाचे, कोणी दगावे. कारण कळत नसे. ते शोधले कार्ल लँडस्टायनर यांनी. १४ जून १८६८ रोजी ऑस्ट्रियात त्यांचा जन्म झाला. वडील लवकर गेले, आईने वाढवले. स्वतःचे आणि सहकाऱ्यांचे रक्त एकमेकांत मिसळून पाहत १९०१ मध्ये त्यांनी रक्तगट दाखवून दिले. १९३० साली नोबेल मिळाले, तरी काम थांबले नाही. १९४३ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रयोगशाळेतच हृदयविकाराचा झटका आला आणि दोन दिवसांनी ते गेले.

पुढे १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे व सहकाऱ्यांनी दुर्मीळ ‘बॉम्बे’ गट शोधला. साध्या तपासणीत तो ‘ओ’ दिसतो; पण अशा रुग्णाला ‘ओ’ रक्त दिले तर जिवावर बेतते. त्याला बॉम्बे गटाचेच रक्त लागते. म्हणून आधी सख्ख्या भावंडांची तपासणी करतात. तिथे जुळले नाही, तर अनोळखी दात्याचा शोध सुरू होतो.

तो दाता सिहोऱ्यातल्या कोणत्याही घरात, कोणत्याही धर्माचा असू शकतो. रक्तगट तपासून घ्या, रक्तपेढीत नाव नोंदवा. रोजेदारांनी इफ्तारनंतर, नीट जेवून रक्तदान करावे.