उंदरीच्या दुधातला विषाणू

कॅन्सरच्या भीतीपोटी बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांनी गर्भाशये काढून घेतल्याच्या बातम्या २०१९ साली आल्या, तेव्हा मला डॉ. कमल रणदिवे आठवल्या.

१९१७ साली पुण्यात जन्मलेल्या, हुजूरपागेत शिकलेल्या कमल समर्थ लग्नानंतर मुंबईला आल्या आणि डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली १९४९ मध्ये पीएच.डी. झाल्या. पुढे बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत शिकल्या. तिथेच १९५१ साली एका बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतल्या ‘हेला’ पेशी वाढवल्या गेल्या होत्या. त्यांत पॅपिलोमा विषाणू असल्याचे मागाहून कळले. हा विषाणू बारीकशा ओरखड्यातून तळच्या पेशींत शिरतो आणि पेशी दुभंगताना केंद्रकात जाऊन बसतो.

कमलताईंनी अभ्यासलेला विषाणू निराळा. उंदरीच्या दुधातून पिलात जाणारा आणि पुढे स्तनात गाठ करणारा. परळच्या केंद्रात त्यांनी उंदरांचे वंश जपले, काचेत पेशी वाढवल्या, वंश, संप्रेरके आणि विषाणू यांचा ताळा मांडला. जन्मभर बँकेत ताळेबंद जुळवलेल्या मला ही चिकाटी ओळखीची वाटते. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात आदिवासी मुलांचा आहारही त्यांनी तपासला. २००१ साली त्या गेल्या.

२००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बीडशेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एकदाच केलेल्या विषाणू-तपासणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. त्यासाठी सरसकट गर्भाशये काढावी लागली नव्हती.